गेटजवळचा लाल डबा

१० जानेवारी, शुक्रवार

एकोणीस डबे परत पाठवले! छप्पन्न घरांतले एकोणीस — आणि हे आठवडाभराच्या शिकवणीनंतर! ओल्यात चिप्सची पाकिटं, सुक्यात कोंबडीची हाडं. ७०१ मध्ये तर वांग्याच्या देठांखाली मोबाइलचा चार्जर निघाला. चार्जर! लोकांना लाज कशी ती नाही.

पद्धत काय अवघड आहे? कचरेवाली पुतळा मजल्यामजल्यावरून डबे गोळा करते, खाली पार्किंगमध्ये एकेक पिशवी उघडून बघते, मी वहीत टिपते. मिसळलेलं असेल तर डब्याला लाल स्टिकर, आणि डबा परत ज्याच्या त्याच्या दाराशी. ओला हिरव्यात, सुका निळ्यात. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून. पॅड, डायपर, जुनी औषधं, सुया, फुटक्या ट्यूब — हे कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून गेटजवळच्या लाल डब्यात. तो डबा मी भांडून बसवून घेतला आहे. दोन मीटिंगा घालवल्या त्यासाठी.

सेक्रेटरी विश्वजित म्हणतो, "मॅडम, जरा दमानं. लोक इथे राहायला आलेत, शाळेत नाही." म्हटलं, शाळेतली पोरं परवडली!

पुतळाची मात्र कुरकुर नाही. नऊ वर्षं या बिल्डिंगचा कचरा उचलतेय, पण पिशव्या उघडून बघायचं काम माझ्यामुळे नवीन लागलं. डॉक्टर घालतात तसले पातळ हातमोजे मागत होती. मी नाही म्हटलं. रोज एक जोडी, म्हणजे महिन्याला साठ मोजे कचऱ्यात! आपण कचरा कमी करायला निघालोय की वाढवायला? जाड रबरी जोडी आणून दिली, धुऊन धुऊन वापर म्हटलं. "ह्यानं गाठ सुटत न्हाई ओ ताई," म्हणाली. सवय होईल.

१२ जानेवारी, रविवार

तेरा डबे. उतरतंय!

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सकाळपासून जो भेटेल त्याच्या हातून तिळगूळ. "नंतर खाते हं" म्हणत पर्समध्ये टाकायचा. सगळ्यांना वाटतं, केवढा निग्रह बाईचा!

इथे तरी खरं लिहावं. या सोसायटीत मी म्हणजे 'औषधाशिवाय शुगर घालवलेली नंदिनीताई'. गेल्या वर्षी क्लब हाउसमध्ये भाषण ठोकलं — मेथीचं पाणी, चालणं, मनाचा निर्धार. बायकांनी टाळ्या वाजवल्या. अजूनही लिफ्टमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, ताई, सकाळी उठल्यावर काय घेता? आणि दिवाळीनंतर शुगर अशी काही चढली की डॉक्टरांनी गोळ्यांचं नावही न काढता इन्सुलिनचं पेन हातात ठेवलं. रोज जेवणाआधी पोटात टोचायचं. श्याम सोडला तर कुणालाही माहीत नाही. कोणत्या तोंडानं सांगणार?

श्यामला मात्र याची गंमत वाटते. नवरे असेच.

१८ जानेवारी, शनिवार

हळदीकुंकू झालं. पस्तीस बायका! वाण म्हणून मी स्वतः चिकटवलेली वर्तमानपत्राची पाकिटं दिली, प्रत्येकीला बारा, वर लाल गोल काढलेला — पॅड, सुया, औषधं यांत घालून लाल डब्यात टाकायला. पाचव्या मजल्यावरची श्रुती म्हणाली, "काकू, वाण म्हणून कचऱ्याच्या पिशव्या! तुम्हीच करू जाणे." सगळ्या हसल्या. मीही हसले. प्लॅस्टिकचे डबे लुटण्यापेक्षा बरंच की!

शेवटी पुतळालाही वर बोलावलं, कुंकू लावलं. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही. पाकिटं उलटीसुलटी करून बघितली. "चांगली केलीत," म्हणाली, "पर ताई, हितनं गेटापत्तूर कोन जानार?"

आणि गंमत बघा. सगळ्या गेल्यावर आतल्या खोलीत गेले, तर सुयांची डबी काठोकाठ भरलेली. लाल डबा वॉचमनच्या केबिनला लागून आहे, समोर बाकावर संध्याकाळी सहाजणी बसलेल्या असतात, वर कॅमेरा. 'नंदिनीताई, तुम्ही काय टाकताय?' हे कुणीतरी विचारणारच. मीच नसतं का विचारलं? आजवर डबी पर्समध्ये घालून बेलापूरला नेत होते, स्टेशनबाहेरच्या कुंडीत रिकामी करत होते. (लिहितानाही लाज वाटते.) पण आठवडाभर गुडघा धरलाय, बेलापूर होणार नाही.

सगळ्या सुयांना टोपणं लावली. धुतलेल्या दुधाच्या पिशवीत भरल्या, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर बाकीच्या पिशव्यांची घडी, वर रबर. निळ्या डब्यात. एकदाच. आमचा डबा कोण तपासतंय?

श्याम पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

२० जानेवारी, सोमवार

पुतळाला सुई टोचली.

२० जानेवारी, दुपार

गुडघ्यामुळे मी आज उशिरा खाली गेले. बघते तर पुतळा उलट्या बादलीवर बसलेली, उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीत घट्ट. मूठ उघडली तर रक्ताचा थेंब. थेंबच, पण खोल गेली होती. रबरी मोजे शेजारी काढून ठेवलेले. पिशव्यांचा ढीग सगळा एकत्र झालेला, कुठली कुणाची कळायला मार्ग नाही. निदान माझ्याशिवाय कुणाला नाही.

२०४ मध्ये भाड्यानं राहणारी राजेश्वरी तेवढ्यात ड्यूटीवरून आली. हॉस्पिटलात नर्स आहे. तिनं एका शब्दाचा वेळ घालवला नाही — बोट नळाखाली, साबण, रिक्षा, महापालिकेचा दवाखाना. जाताना चिमट्यानं सुई उचलून बघितली. "इन्सुलिन पेनची आहे. हिला मागच्या बाजूनंही टोक असतं, टोपण लावलं तरी ते उघडंच राहतं. लोकांना माहीत नसतं."

मला माहीत नव्हतं. टोपणं तर मी सगळ्यांना लावली होती!

दहा-बारा माणसं जमली होती. आणि तेव्हा मी काय म्हणाले? "असा कसा बेजबाबदार माणूस असतो एकेक!" मोठ्यानं. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. सगळ्यात आधी मीच बोलले.

२१ जानेवारी, मंगळवार

दवाखान्यात पुतळाला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या दिल्या — एचआयव्ही होऊ नये म्हणून. आज परत बोलावलंय, काविळीसाठीचं इंजेक्शन घ्यायला. सुई कुणाची ते कळलं, तर त्या माणसाचं रक्त तपासता येईल. तो निरोगी निघाला तर पुतळाच्या गोळ्या तिथल्या तिथे बंद.

हे राजेश्वरीनं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलंय. शेवटी लिहिलं — "ज्यांच्या घरची सुई असेल त्यांनी फक्त मला एकटीला सांगा. नाव कुठेही जाणार नाही. चूक कुणाचीही होते."

तीनदा वाचलं. 'राजेश्वरी,' एवढं टाइप केलं. पुसलं.

विचार करून बघितला. शुगर काही सुईतून लागत नाही. बाकी मला काय असणार? चांगल्या घरातली, नियमानं राहणारी साठीची बाई मी. बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाही. म्हणजे पुतळाला धोका नाहीच. मग सांगून तिला काय मिळणार? फक्त माझी शोभा.

श्यामला म्हटलं, तर म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. आठ दिवसांत विसरतील सगळे."

पण अठ्ठावीस दिवस ती बाई उगाच गोळ्या खाणार. हे मी त्याला म्हटलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

पुतळा कामावर आली. मी पातळ हातमोज्यांचा खोका आणून ठेवलाय. महिन्याला साठ तर साठ! तिनं घातले, बोटं हलवून बघितली. "बरं ताई," म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

चेहरा ठीक दिसतो. राजेश्वरी म्हणत होती की त्या गोळ्यांनी काहींना फार मळमळतं. हिला मानवल्या असाव्यात. देव पावला.

आज एकही लाल स्टिकर लावला नाही. वही वरच राहिली.

२५ जानेवारी, शनिवार

चर्चा भलतीकडेच चाललीय. बाकावर, लिफ्टमध्ये, ग्रुपवर — राजेश्वरी! नर्स आहे ना, मग सुया तिच्याच घरच्या. एकटी राहते. भाडेकरू आहे. वेळी-अवेळी येते-जाते. घरी लोकांना इंजेक्शनं देत असेल. विश्वजित मला म्हणाला, "मॅडम, तिलाच बरोबर कसं माहीत की पेनची सुई आहे? आपल्याला कळलं असतं का?"

मला कळलं असतं, विश्वजित.

म्हणाले नाही. "असं पुराव्याशिवाय बोलू नये," एवढं म्हणाले. त्यावर तो म्हणाला, "तुमचा स्वभाव चांगला म्हणून तुम्हाला असं वाटतं."

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन, जिलेबी, मग मीटिंग. ठराव झाला — २०४ च्या मालकाला पत्र द्यायचं, भाडेकरूनं महिन्याभरात जागा सोडावी. सहीला अध्यक्ष, सेक्रेटरी आणि 'स्वच्छता समिती प्रमुख', म्हणजे मी.

राजेश्वरीला बोलावलं होतं. ती उभीच राहिली. "पेनची सुई हॉस्पिटलातून चोरून मी कशाला आणू?" म्हणाली. "ती घरी वापरायची वस्तू आहे. इथे कुणाला तरी शुगर आहे. त्या माणसाला मी दोष देत नाही. फक्त त्यानं पुतळाबाईंचा विचार करावा." मग एकेकाकडे बघत तिची नजर फिरली. माझ्यावर आली आणि पुढे गेली.

मी सही केली.

२७ जानेवारी, सोमवार

का केली? केली. पेन पुढे आलं, सगळे बघत होते, केली.

२८ जानेवारी, मंगळवार

पुतळा आली नाही. बदली म्हणून सून आली, मोनाली. एरवी वाशीला कपड्यांच्या दुकानात काम करते, आज सुट्टी. तोंडाला रुमाल, दोन-दोन मोजे घातलेले, लांबून पिशव्या ओढत होती. तिचीही काय चूक?

पुतळाला बरं नाही का, विचारलं. "बरी हाय. आमच्या शिरवण्यातच नातेवाइकांकडं बारसं होतं, तिकडं गेलीय," म्हणाली. मग आपणहून सांगायला लागली. "मॅडम, आमी आईंचं ताट वेगळं केलंय. गिलास वेगळा. माझा स्वराज दहा महिन्यांचा आहे, त्याला त्यांच्याकडं देत नाही. रडतो, हात पसरतो, पण नाही देत. रिस्क कशाला घ्यायची? कुणाची सुई, काय रोग, काय माहीत! सासरे म्हणतात, असं करू नको. पण टेन्शन मला येतं ना!"

"असं ताटात नाही लागत गं," मी म्हटलं.

"तुम्ही गॅरंटी देता का?"

देऊ शकत होते की! जगात मी एकटीच देऊ शकत होते.

३० जानेवारी, गुरुवार

जेवणाआधी पेन हातात घेतलं, सुई बसवली आणि तशीच बसून राहिले. भाजी गार झाली. श्याम म्हणाला, "अगं टोच आणि जेव." मी म्हटलं, तुला काहीच कसं वाटत नाही? तो म्हणाला, "वाटतं. पण घरात तुझं तोंड मला रोज बघायचंय, सोसायटीला नाही. लोक तुला फाडून खातील." मग आम्ही कचाकचा भांडलो. सदतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला 'भित्रा' म्हटलं. तो म्हणाला, "मी भित्रा, आणि सही कुणाची?"

टोचून घेतलं, पण जेवले नाही. मग शुगर उतरली आणि निमूट साखर खावी लागली. सगळं असं.

१ फेब्रुवारी, शनिवार

ठरवलं! रक्त तपासून घ्यायचं. रिपोर्ट हातात आला की सरळ पुतळाकडे जायचं — बघ, सुई माझी, पण रक्त स्वच्छ आहे, गोळ्या बंद कर. मोनालीला कागद दाखवायचा. ती मागते ती गॅरंटी. मग राजेश्वरीचं पत्र मागे घ्यायचं. नुसतं रिकाम्या हातानं जाऊन 'मी चुकले' म्हणण्यात काय अर्थ? काहीतरी घेऊन जावं.

हे आधी सुचायला हवं होतं. पण सुचलं हे काय कमी.

३ फेब्रुवारी, सोमवार

वाशीला जाऊन रक्त दिलं, जिथे कुणी ओळखत नाही तिथे. परवा रिपोर्ट. लॅबमधल्या मुलीनं कारण विचारलं, मी म्हटलं, "रुटीन."

येताना दोन किलो संत्री घेतली, पुतळासाठी.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी

आज राहवलंच नाही.

सकाळी लिफ्टपाशी राजेश्वरी भेटली, हातात बांधलेली पुस्तकं. "जुईनगरला खोली मिळाली, मॅडम. उद्या टेम्पो येतोय," म्हणाली. महिना दिला होता, ती दहा दिवसांतच निघाली. मला वाटलं आता ही काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "एक काम कराल? पुतळाबाई दुसऱ्या दिवशी त्या इंजेक्शनला गेल्या होत्या का, तेवढं विचारा. मला नीट सांगत नाहीत. मी गेल्यावर कोण विचारणार त्यांना?"

घरात आले, संत्र्यांची पिशवी उचलली आणि रिक्षानं थेट शिरवण्याला, पुतळाच्या घरी. रिपोर्ट गेला खड्ड्यात!

गल्लीत आत आत गेल्यावर खोली. पुतळा उंबऱ्याशी लसूण सोलत होती, मोनाली आत स्वराजला भरवत होती. तिचा नवरा हौसेराव वाशीच्या मार्केटात हमालीला गेलेला. मी पायरीवरच बसले. म्हटलं, "पुतळा, ती सुई माझी. मला शुगर आहे. मी इन्सुलिन घेते."

तिनं लसूण खाली ठेवला नाही. सोलतच राहिली.

"ठावं हाय," म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"धुऊन, घडी घालून, रबर लावून पिशव्या देनारं आक्क्या बिल्डिंगीत येकच घर हाय ताई. तुमची पिशवी म्या डोळं झाकून वळखीन. तवाच वळखली."

"मग बोलली का नाहीस गं?"

"काय बोलू? कचरेवाली नाव घेती म्हनल्यावर कुनी खरं धरलं असतं? म्या तुमची वाट बगितली. रोज बगितली. तुमी खाली यायचा, उभ्या राहायचा, वर जायचा." मग लसणाची पाकळी परातीत टाकून म्हणाली, "राजेश्वरीबाईंचं नाव घेतलं लोकांनी, तवा मातुर लई राग आला तुमचा. त्या बाईनं माजं बोट धरलं व्हतं."

मी रडले. अगदी हमसून, त्या अनोळखी गल्लीत. तिनं रडू दिलं, समजूत घातली नाही. मग पाण्याचा तांब्या पुढे केला.

इंजेक्शनचं विचारलं. "न्हाई गेले. दिस मोडतो. आन गोळ्या दोन दिस खाल्ल्या, पोटात निसती ढवळाढवळ. मग म्हनलं, सुई तर ताईंची. त्यास्नी कसला रोग असनार? येवडं निर्मळ घर, भाजीच्या काड्यासुदिक निवडून देत्यात. दिल्या सोडून. सुनेला सांगून तरी काय? सुई कुनाची ते सांगावं लागलं असतं."

काय वाटलं लिहू? सुटल्यासारखं वाटलं! पंधरा दिवस मला वाटत होतं, ही माझ्यामुळे विष गिळतेय. आणि हिनं तर गोळ्या कधीच सोडलेल्या. "बरं केलंस," मी म्हटलं. "मला काहीएक नाही. उद्या रिपोर्ट येतोय, तुम्हाला कागदच आणून दाखवते."

मोनाली आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली. "मॅडम, म्हणजे आता गॅरंटी ना?" म्हटलं, हो बाई, गॅरंटी. माझी. तिनं स्वराजला उचललं आणि पुतळाच्या मांडीवर ठेवलं. लसणाच्या हातांनीच पुतळानं त्याला पोटाशी धरलं, आणि तिचा चेहरा — मी नऊ वर्षांत तिचा तो चेहरा बघितला नव्हता.

घरी येऊन श्यामला सांगितलं. तो उठला आणि चहा करून आणला.

उद्या रिपोर्ट आला की ग्रुपवर लिहायचं. सगळं, नावानिशी. राजेश्वरीचा टेम्पो येण्याआधी तिच्या दारात जायचं, पाया पडायची वेळ आली तर पडायचं. फाडून खाऊ देत लोकांना. किती हलकं वाटतंय!

५ फेब्रुवारी, बुधवार

रिपोर्ट आला. एचआयव्ही नाही. हिपॅटायटिस बी आहे. पांढरी कावीळ.

डॉक्टरांना फोन केला. कधीपासून असेल सांगता येत नाही, म्हणाले, अनेकांना वर्षानुवर्षं पत्ताच नसतो. सुईतून लागते का? लागते. ते इंजेक्शन पहिल्या आठवड्यातच घ्यायचं असतं. आज सोळा दिवस झाले.

२०४ ची बेल वाजवली. सामान अर्धं टेम्पोत चढलं होतं. राजेश्वरीला सगळं सांगितलं, कागद दिला. तिनं तो वाचला. टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं. "चपला घाला," म्हणाली, "आत्ताच्या आत्ता त्यांचं रक्त तपासायला न्यायचं. लस आजच सुरू करायची."

रिक्षात बसून लिहितेय. मोनालीचा मेसेज आलाय. फोटो — पुतळा सोललेलं संत्रं स्वराजला भरवतेय. खाली लिहिलंय, "थँक्यू मॅडम. रात्री आजीजवळच झोपला."